पाखरांची पत्रपेटी : हिडकलचा सुरय आणि अर्धा किलो कुंदा

प्रश्न : मे महिन्यात मी आणि माझे मेहुणे हिडकलच्या धरणावर गेलो होतो. पाणी खूप आत सरकलं होतं, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडलं होतं. देवळाच्या पलीकडं चिखलावर पाच-सहा छोटे पांढरे पक्षी दिसले. चोच पिवळी, टोकाला काळी. मेहुण्यांनी फोटो काढून मोबाइलमधल्या ॲपला विचारलं, तर त्यानं वर लहान सुरय आणि खाली सॉन्डर्सचा सुरय अशी दोन नावं दिली (सुरय म्हणजे इंग्रजीत टर्न म्हणतात ते पाणपक्षी). मेहुणे म्हणतात सॉन्डर्सचाच, कारण पाय पिवळे नाहीत, तपकिरी आहेत. मी म्हणतो लहान सुरय. अर्ध्या किलो कुंद्याची, आपल्या बेळगावच्या मिठाईची, पैज लागली आहे. फोटो सोबत पाठवतो. निकाल द्यावा.
(एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : कुंदा तुमचा. पक्षी लहान सुरयच आहे. पण मेहुण्यांची फार चेष्टा करू नका, कारण त्यांनी पाय बघितले. बहुतेक लोक चोच पिवळी दिसली की तिथंच खूश होतात. आणि चोच तर विणीच्या दिवसांत या दोघांचीही पिवळीच असते, काळ्या टोकाची. तिच्यावरून निवाडा होत नाही. पाय बघायला हवेत हे मेहुण्यांना कुणी शिकवलं माहीत नाही, पण बरोबर शिकवलं. लहान सुरयाचे पाय विणीच्या काळात झळझळीत, पिवळे-नारिंगी. सॉन्डर्सचे मळकट, पिवळ्यात तपकिरी किंवा शेवाळी झाक असलेले.

मग घोटाळा कुठं झाला? तुमचा दुसरा फोटो मी चष्म्यावर आणखी भिंग धरून पाहिला. पक्षी ओल्या गाळात उभा आहे. डावा पाय पूर्ण बरबटलेला, धरणाच्या गाळाचा रंग तोच पायाचा रंग. उजवा पाय मात्र त्यानं जरासा उचललेला आहे, आणि पोटाच्या पिसांपाशी जिथं गाळ पोचलेला नाही तिथं तांदळाएवढा एक ठिपका दिसतो. ताज्या हळदीसारखा. फोटो मोठा करून मेहुण्यांना तेवढा तांदूळ दाखवा.

या गाळात मीही एकदा रुतलोय, म्हणून एवढ्या खात्रीनं बोलतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी नोकरीत होतो, बेळगावात चित्रकला शिकवत होतो. मेच्या सुटीत पहाटेची बस धरून हिडकलला गेलो. काठावर एक सुरय बसलेला, पाय तपकिरी. मी वहीत 'सॉन्डर्स!!' असं दोन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं आणि लगेच कारवारच्या मित्राला फोन केला. तो पलीकडून हसतोय, मी इकडं भांडतोय, एवढ्यात तो पक्षी उडाला, पाण्यावर दोन घिरट्या घालून त्यानं सूर मारला आणि वर आला तो स्वच्छ पिवळे पाय घेऊन. फोन चालूच होता. वहीतलं ते पान अजून आहे, उद्गारचिन्हांसकट.

बरं, पाय राहू द्यात. तुमच्या फोटोत पाय अजिबात दिसले नसते तरी मी हाच निकाल दिला असता, कारण पक्षी हिडकलला होता. सॉन्डर्सचा सुरय हा खाऱ्या पाण्याचा प्राणी. तांबडा समुद्र, इराणचं आखात, मकरानचा किनारा, कराची, आपल्या बाजूला गुजरातचा किनारा आणि खाली श्रीलंका, या पट्ट्यात त्याची वीण होते. ती आटोपली की अरबी समुद्राच्या कडेकडेनं आणि लक्षद्वीप-मालदीवकडं तो पांगतो. वाळूचा किनारा, खाडीचं तोंड, मिठागर यांच्या आत तो येत नाही. लहान सुरयाला मात्र सगळं चालतं. युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पसारा, आणि समुद्र, नदी, धरण, मोठा तलाव असा भेदभाव तो करत नाही. हिडकल समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, मधे सह्याद्री उभा. हिडकल, नविलतीर्थ, धुपदाळ, कृष्णाकाठचं कुडची-उगार, यांपैकी कुठंही काळ्या टोकाच्या पिवळ्या चोचीचा साळुंकीएवढा सुरय दिसला की लहान सुरय लिहा आणि पुढं चला. ॲपला बहुधा तुम्ही कुठं उभे आहात ते सांगायचं राहून गेलं असावं. त्याच्या दृष्टीनं तुम्ही कराचीतही असू शकला असता.

कराचीवरून आठवलं. हा पक्षी वेगळा आहे हे १८७७ साली कराचीकडच्या नमुन्यांवरून लिहिलं ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. कुरव (इंग्रजीत गल) आणि सुरय यांचे इंग्लंडातले मोठे जाणकार हॉवर्ड सॉन्डर्स, त्यांचं नाव ह्यूमनी पक्ष्याला दिलं. हे ह्यूम म्हणजे तेच, १८८५ साली काँग्रेसची स्थापना करणाऱ्यांतले. पुढं १९२४ साली आपल्या बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलं ते आयुष्यात त्याच एका अधिवेशनाचं. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी मी दर वर्षी पोरांना रेखाटनाला घेऊन जायचो आणि चित्रं काढता काढता हा इतिहास त्यांना ऐकवायचो. ह्यूमसाहेबांना पाखरांचं वेड होतं हे मात्र मला निवृत्त झाल्यावर कळलं. आधी कळतं तर पोरांनी विहिरीबरोबर एखादा सुरयही काढला असता.

ह्यूमनंतर बरीच वर्षं अनेक पंडित सॉन्डर्सला लहान सुरयाचाच पोटप्रकार धरत होते. आता तो स्वतंत्र जात मानला जातो, पण घर एकच, स्टर्नुला नावाचं. या घरात सगळे ठेंगणेच. लांबी २२ ते २४ सेंटिमीटर, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत साळुंकी. वजनाला मात्र साळुंकीच्या निम्मा, पन्नास-पंचावन्न ग्रॅम. हाताच्या तळव्यावर ठेवला तर ठेवलाय असं वाटणार नाही.

आता मेहुणे हरलेच आहेत तर त्यांना सोबत मोबदलाही देऊ. कधी मे महिन्यात मोरजीला किंवा वेंगुर्ल्याला समुद्रावर गेलात तर तिथं हा प्रश्न खरा होतो. तेव्हा मी चित्रकलेच्या मास्तरासारखा तीन ठिकाणी बघतो.

पहिलं कपाळ. दोघांनाही काळी टोपी आणि पांढरं कपाळ. लहान सुरयात ते पांढरं डोळ्याच्या वरून मागं जातं आणि टोकदार होत संपतं. कोरलेली भुवईच. सॉन्डर्समध्ये पांढरा डाग पुढंच थांबतो, चौकोनी, डोळ्याच्या मागं जात नाही. कागदावर काढून बघा, वाचून कळणार नाही. एक टोपी कपाळावरून जरा मागं सरकवलेली, दुसरी भुवयांपर्यंत ओढून घातलेली. पण एक धोका आहे. पक्ष्यानं मान वळवली की चौकोन टोकदार दिसतो आणि टोक चौकोनी. पूर्ण बाजूनं, डोकं सरळ असताना बघायचं. एका नजरेवर हो म्हणायचं नाही.

दुसरं पंखाचं टोक. माझं घर शहापुरात, आमच्या गल्लीत पूर्वी माग चालायचे, त्यामुळं मला हे साडीच्या काठावरूनच समजलं. दोघांच्याही राखाडी पंखाला बाहेरच्या कडेला काळा काठ असतो. लहान सुरयाचा काठ अरुंद, दोन-तीन पिसांचा, आणि रंग पाटीसारखा. सॉन्डर्सचा काठ रुंद, तीन-चार पिसांचा, आणि काळा म्हणजे काळाच, पिसाच्या दांड्यासकट. पक्षी उडताना वरच्या बाजूनं पंख दिसला तर हा काठ लांबूनही उठून दिसतो. जवळ बसलेल्या पक्ष्यापेक्षा उडणाराच इथं जास्त सांगून जातो.

तिसरी कंबर, म्हणजे पाठ संपून शेपूट सुरू होते ती जागा. लहान सुरयात पाठ राखाडी आणि कंबर-शेपूट पांढरी, दोहोंत स्पष्ट रेघ. सॉन्डर्समध्ये पाठीचा राखाडी रंग तसाच शेपटीच्या मधल्या पिसांवर उतरतो, रेघ पुसलेली. ही खूण मला सगळ्यांत आवडते आणि सगळ्यांत कमी वेळा दिसते, कारण सुरय आपल्याला पाठ दाखवायला थांबत नाही.

तिन्ही जुळल्या तरच नाव लिहायचं. पायांचं मत चौथं, आणि तेही पाय धुतलेले असतील तर.

प्रश्न : डिसेंबरात मुलींची सहल घेऊन कारवारला गेले होते. काळी नदीच्या मुखापाशी वाळूच्या पट्टीवर मोठ्या सुरयांच्या कडेला दहा-बारा अगदी छोटे बसले होते. चोच काळी, कपाळ पांढरं, डोळ्यापासून मागं काळा पट्टा. तुमच्या मागच्या एका उत्तरात वाचलं होतं की समुद्रावर दोन्ही प्रकारचे छोटे सुरय असतात. मुली यादी करत होत्या. काय लिहायला सांगू?
(एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : ताई, 'लहान किंवा सॉन्डर्सचा' असं लिहायला सांगा. मुली कुरकुर करतील, करू द्यात.

वर संकेश्वरकरांना ज्या खुणा सांगितल्या त्या जवळजवळ सगळ्या लग्नाच्या कपड्यांतल्या आहेत. वीण संपली की दोघंही ते कपडे उतरवतात. पिवळी चोच काळी पडते. पाय दोघांचेही मंद होतात. टोपी मागं हटते, कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पांढरं होतं, म्हणजे भुवई आणि चौकोन दोन्ही गेले. लहान सुरयाची पांढरी कंबरही हिवाळ्यात राखाडीकडं झुकते. राहतो पंखाचा काठ. पण त्या दिवसांत पिसं झडून नवी येत असतात, त्यामुळं कुठं दोनच काळी पिसं उरलेली असतात, कुठं जुनी-नवी मिसळलेली. तुमच्या मुलींपैकी कुणाकडं पंख पूर्ण उघडलेल्या अवस्थेतला, वरून घेतलेला, स्पष्ट फोटो असेल तर पाठवा. मी बघेन, आणि बहुधा तरीही हेच सांगेन.

कारवारच्या ज्या मित्राचा वर उल्लेख केला त्याच्या वहीत अशी 'किंवा' पानोपानी आहेत. तो चाळीस वर्षं त्याच किनाऱ्यावर राहतो. मी एका डिसेंबरात दोन दिवस त्याच्याकडं राहून आलो आणि सात पक्ष्यांना छातीठोकपणे नावं दिली. त्यानं चहा पुढं केला आणि विचारलं, 'आणि त्यांनी हो म्हटलं?'

मोठ्या सुरयांचं मात्र तुम्ही काही विचारलं नाहीत, आणि खरी मजा तिथं आहे. हिवाळ्यात पिवळ्या किंवा नारिंगी चोचीचे, डोक्यामागं झिपऱ्या तुरा असलेले सुरय त्या पट्टीवर बसतात. त्यांच्या शेजारी हे छोटे म्हणजे लग्नात आलेली पाहुण्यांची पोरं. पुढच्या वेळी मुलींना आधी नाव न विचारता फक्त उंची काढायला सांगा, एकाच्या शेजारी दुसरा असं. माझ्या वर्गात हा तास सगळ्यांत शांत जायचा.

प्रश्न : कुडचीच्या पुलाखाली कृष्णेच्या पात्रात म्हशी पाण्यावर नेतो. एप्रिलात वाळूवर उघड्यावरच तीन अंडी दिसली. घरटं नाही, नुसता खळगा. दोन पांढरी पाखरं डोक्यावर ओरडत फिरत होती, एक तर अंगावर शिटलं. पिवळी चोच, कपाळ पांढरं. अंडी कुणाची, आणि ती उचलून सावलीत ठेवू का?
(एक शेतकरी, कुडची)

उत्तर : दादा, उचलू नका. पाखरं लहान सुरय आहेत, आणि शिटणं हा त्यांचा तुम्हाला दिलेला निरोप आहे. तो खळगा हेच घरटं. वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची, जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरची दोन-तीन अंडी, आणि भोवती काही नाही. काही नसणं हीच लपायची युक्ती. तुम्ही सावलीत हलवलीत तर पाखरं ती आपली म्हणून ओळखणार नाहीत. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं अंड्यांना हात लावायला बंदी आहे, तेही सांगून ठेवतो.

उन्हाची काळजी पाखरं घेतात. दुपारी ती अंड्यांवर बसतात ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. सुरय नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती उठतात, आणि एप्रिलातल्या वाळूवर अंडं उघडं पडलं की थोड्या वेळात आतलं पिल्लू शिजतं. म्हणून काम एकच, म्हशींची वाट पन्नासेक पावलं बाजूनं घ्या. खूण म्हणून काठी किंवा दगड लावू नका. कावळ्याला आणि कुत्र्याला खुणा आपल्यापेक्षा लवकर कळतात.

अंडी फुटायला साधारण तीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी जवळजवळ तीन. त्या मधल्या काळात कोयनेतून पाणी सुटलं तर ती वाळू बुडते. तुमचे पंप आणि अथणी-चिकोडीकडचे नळ त्याच पाण्याची वाट बघत असतात, तेव्हा यावर मी तुम्हाला काय सांगू? अंडी वाहून गेली तर बहुतेक वेळा पाखरं वरच्या कोरड्या वाळूवर पुन्हा घालतात. वाळू उरली असेल तर. ट्रॅक्टर लावून जे पट्टे खरवडून नेलेत तिथं पुन्हा घालायलाही जागा नाही.

एक लक्षात ठेवा. तिथंच जर पूर्ण काळी टोपी, पांढऱ्या कपाळाचा मागमूस नाही, सगळी चोच पिवळी आणि आकार याच्या जवळजवळ दुप्पट, असा सुरय ओरडत आला तर तो नदी सुरय. त्याची अंडीही मोठी. वागणं तेच, शिटतो मात्र जास्त.

प्रश्न : तो छोटा सुरय हवेत एका जागी थांबतो तेव्हा खाली का पडत नाही? मी सहावीत आहे.
(निपाणी)

उत्तर : बाळ, तो थांबलेला दिसतो, पण थांबलेला नसतो. तो वाऱ्याकडं तोंड करतो, शेपूट पसरून खाली दाबतो आणि पंख इतके भराभर मारतो की मोजता येत नाहीत. जितका खाली येईल तितका प्रत्येक फटक्याला वर उचलला जातो. समोरून वारा असला की त्याचं काम सोपं होतं, जसं तुझ्या पतंगाचं होतं. पुढच्या वेळी पंखांकडं बघू नकोस, डोक्याकडं बघ. अंग थरथरत असतं आणि डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर, चोच खाली. डोकं हललं की समज, आता सूर मारणार. मासा मिळाला की तो कधी कधी स्वतः खात नाही, चोचीत धरून बायकोला नेऊन देतो. ते बघितलंस तर मला चित्र काढून पाठव.

प्रश्न : हिवाळ्यात तळ्यांवर सुरयांचे मोठे थवे येतात. ते सूर मारत नाहीत, नुसते पाण्याला चोच लावून वर उठतात. तेही लहान सुरय का?
(गोकाक)

उत्तर : नाहीत. ते कल्ल्यांचे सुरय, पाहुणे. लहान सुरयापेक्षा जाडजूड, पंख रुंद, शेपटीची खाच नावापुरती. पाण्यावरून, शेतावरूनही, किडे टिपत जातात.

प्रश्न : पक्षी बघायला दुर्बीण कुठली घेऊ? दुकानदार म्हणतो, जितकी मोठी तितकी चांगली.
(एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : आठ बाय चाळीस किंवा आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग चाळीस-बेचाळीस मिलिमीटरचं. वीस पटीची घेतलीत तर सुरय मोठा दिसेल, पण हात थरथरल्यामुळं त्याला दोन डोकी दिसतील. घ्यायच्या आधी दुकानाबाहेर येऊन समोरच्या तारेवरच्या चिमणीचा डोळा दिसतो का बघा.